महागाथांचा संग्रह: निवड, पारख आणि जपणूक

१९७७ सालच्या नाताळात केनर या अमेरिकी कंपनीने मुलांना चक्क खेळण्याविना पाकीट विकलं. ‘स्टार वॉर्स’ त्याच वर्षी मे महिन्यात प्रदर्शित झाला होता. खेळण्यांना एवढी मागणी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं आणि फिगर्स, म्हणजे पात्रांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या प्रतिमा, वेळेत तयार होणं शक्य नव्हतं. मग कंपनीने पुठ्ठ्याचं एक चित्रमय पाकीट बाजारात आणलं. त्यात एक कूपन होतं. ते भरून पाठवलं की पुढच्या वर्षी पहिल्या चार फिगर्स घरपोच येणार होत्या. लोकांनी ते विकत घेतलं, आणि आज संग्राहक त्या पाकिटाच्याही शोधात असतात.

विज्ञानकथा आणि फॅन्टसी यांच्या महागाथांचं हे वेगळेपण आहे. इथे वस्तूला मोल येतं ते तिच्यामागच्या कथेमुळे. पण कथेवर जीव आहे म्हणून वस्तू कळतेच असं नाही. ती कशाची बनली, कधी बनली, तिच्या किती आवृत्त्या निघाल्या, ती कशाने खराब होते, हे वेगळं शिकावं लागतं. माझ्या मते ज्याला आपल्या कपाटातली प्रत्येक वस्तू अशी माहीत आहे, त्याचा वीस वस्तूंचा संग्रह भिंतभर मांडलेल्या अनोळखी खोक्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो कसा उभा करायचा, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: चौकट आखा

कथा कितीही लांबली तरी तिला शेवट असतो, तिच्या नावाने निघणाऱ्या वस्तूंना मात्र नसतो. म्हणून पहिली खरेदी करण्याआधी एका ओळीत लिहून काढा: मी काय जमवणार आहे? ‘स्टार वॉर्सच्या वस्तू’ ही चौकट होत नाही. ‘१९७७ ते १९८५ मधल्या सुट्या, म्हणजे पाकिटाबाहेरच्या, फिगर्स’ ही होते. एकाच पात्राची सगळी रूपं, फक्त अवकाशयानं, एका लेखकाच्या पहिल्या आवृत्त्या, एका चित्रकाराची मुखपृष्ठं, एकाच मालिकेची पोस्टर्स, यातलं काहीही चालेल. चौकट जितकी अरुंद, तितकं तुमचं ज्ञान लवकर खोल जातं आणि फसण्याची शक्यता कमी होते.

फिगर्स जमवणार असाल तर आकारमानही आत्ताच ठरवा. पावणेचार इंची फिगर केनरमुळे रूढ झाली. एवढ्या लहान फिगर्स असल्या की त्यांना बसता येईल अशी खेळण्यातली यानं परवडणाऱ्या आकारात बनवता येत होती. आज सहा इंची फिगर्स आणि एकास सहा प्रमाणातल्या, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या फिगर्स तितक्याच लोकप्रिय आहेत. तिन्ही एकाच फळीवर मांडल्या की मांडणी विस्कटलेली दिसते. शिवाय तिन्हींचे सुटे भाग, स्टँड आणि जपणुकीच्या गरजा वेगळ्या. सुरुवातीला एकच आकारमान पकडा.

चौकट आखताना ‘मर्यादित आवृत्ती’ या शिक्क्याचा अर्थ समजून घ्या. एखादी वस्तू दुर्मीळ होते ती किती बनली यापेक्षा किती टिकली यावर. १९७७ नंतरच्या फिगर्स मुलांनी मनसोक्त खेळल्या, त्यांची इवलीशी हत्यारं हरवली, पुठ्ठे फाडून फेकले गेले. म्हणून पाकिटातली चांगली फिगर आज क्वचित दिसते. १९९५ मध्ये तीच मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा मोठ्या माणसांनी ती गुंतवणूक म्हणून सीलबंद ठेवली आणि अशा हजारो फिगर्स आजही जशाच्या तशा मिळतात. ज्या वस्तूला जन्मापासूनच सगळे जपताहेत, ती दुर्मीळ होणं अवघड. पुनर्निर्मितीचा धोकाही असतोच. लेगोने २००७ मध्ये ‘स्टार वॉर्स’मधल्या मिलेनियम फाल्कन यानाचा पाच हजारांहून अधिक तुकड्यांचा संच काढला. तो बंद झाल्यावर लोक त्याच्यामागे धावले. मग २०१७ मध्ये त्याच यानाचा ७,५४१ तुकड्यांचा नवा संच आला. ज्यांनी जुना संच आवडीने बांधला होता त्यांचं काहीच बिघडलं नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: उद्या हिची बाजारातली किंमत शून्य झाली तरी ही वस्तू मला कपाटात हवी का? उत्तर ‘हो’ असेल तरच पुढची पायरी.

दुसरी पायरी: पैसे काढण्याआधी वस्तू शिका

फिगरपासून सुरुवात करू. जुन्या केनर फिगरच्या पायामागे बारीक अक्षरांत साल आणि ‘जी.एम.एफ.जी.आय.’ अशी अक्षरं आढळतात. केनर ज्या जनरल मिल्स समूहाची कंपनी होती, त्याच्या खेळणी विभागाची ही आद्याक्षरं. पुढच्या काळातल्या फिगर्सवर ‘एल.एफ.एल.’, म्हणजे लुकासफिल्म, असं येतं. इथे नवखे गोंधळतात. पायावरचं साल स्वामित्वहक्काचं असतं, ती फिगर त्याच वर्षी साच्यातून निघाली असा त्याचा अर्थ नाही. १९७७ चा शिक्का असलेली फिगर त्यानंतरही अनेक वर्षं बनत राहिली.

पाकिटातली फिगर असेल तर पुठ्ठ्याची मागची बाजू पाहा. तिथे त्या वेळी उपलब्ध असलेल्या सगळ्या फिगर्सची चित्रं छापलेली असतात. सर्वांत आधीच्या पुठ्ठ्यांवर बाराच आहेत. संग्राहक त्यांना ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात आणि पुढे ही संख्या वाढत गेली. पुठ्ठ्याचा काळ ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे.

खरी गंमत आणि खरा धोका आहे तो सुट्या भागांत. बोटाच्या पेरापेक्षा लहान बंदुका, तलवारी आणि झगे यांच्या नकला इतक्या सुबक बनतात की नुसत्या फोटोवरून ओळखणं कठीण. काही जण हत्यार पाण्यात टाकून तरंगतं की बुडतं यावरून निकाल देतात, पण एवढ्या एकाच चाचणीवर विसंबू नका. कडांची धार, साच्याच्या रेषा, रंगाची छटा आणि खात्रीच्या मूळ नगाशी तुलना, या सगळ्यांवरून मिळून निष्कर्ष काढा. जावा या छोट्या पात्राला सुरुवातीला व्हिनाइलचा झगा होता, तो लवकरच बदलून कापडी करण्यात आला. व्हिनाइलची फिगर त्यामुळे फार महाग आहे, आणि दुसऱ्या पात्राचा व्हिनाइलचा झगा कापून चढवलेल्या बनावट जावाही त्यामुळेच भरपूर आहेत.

वस्तूचा इतिहास माहीत असला की काय फरक पडतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेट या पात्राचं. १९७९ मध्ये केनरने पाठीवरचं रॉकेट उडणारी बोबा फेटची फिगर टपालाने देऊ केली होती. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला आणि रॉकेट पक्कं बसवलेली फिगरच मुलांना पाठवण्यात आली. रॉकेट उडणारे मोजके नमुने कंपनीच्या आतच राहिले. त्यांपैकी एक २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. तेव्हा ‘लहानपणी मला टपालाने आलेली, रॉकेट उडणारी फिगर’ असं वर्णन कुणी केलं, तर तो माणूस खोटं बोलत नसेलही, पण त्याची आठवण खरी नाही. पुढचं बोलणं तिथेच थांबवता येतं.

पुस्तकांचं शास्त्र वेगळं आहे आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. ‘पहिली आवृत्ती’ आणि ‘पहिलं मुद्रण’ यांत फरक आहे. पहिल्या आवृत्तीची दहा मुद्रणं होऊ शकतात, संग्राहकाला हवं असतं पहिलं. आधुनिक इंग्रजी पुस्तकांत मुद्रणाच्या पानावर दहापासून एकपर्यंत आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे त्या प्रतीचं मुद्रण, मात्र काही प्रकाशकांची पद्धत वेगळी असते, ती आधी तपासावी. १९९७ मध्ये निघालेल्या हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या मुद्रणात ५०० प्रती होत्या. ओळीत एकचा आकडा हवा, आणि पान ५३ वरच्या शाळेच्या सामानाच्या यादीत ‘एक जादूची कांडी’ ही नोंद चुकून दोनदा हवी. त्यांतल्या बऱ्याच प्रती वाचनालयांत गेल्या, म्हणून शिक्के मारलेली, हाताळून मऊ झालेली प्रत दिसली तर लगेच नाक मुरडू नका.

टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी आलं, पहिल्या मुद्रणाच्या १,५०० प्रती होत्या. त्याच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर लुईस कॅरल यांचं खरं आडनाव, डॉजसन, एक अक्षर जास्तीचं पडून चुकीचं छापलं गेलं आणि ते अक्षर शाईने हाताने खोडलेलं आढळतं. पण त्या आवृत्तीचं खरं आकर्षण मजकुरात आहे. गॉलम हे पात्र आणि त्याची कोडी यांचं प्रकरण टॉल्किन यांनी १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत बदललं, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या महाकादंबरीतल्या अंगठीच्या स्वभावाशी जुळावं म्हणून. जुन्या आवृत्तीतला गॉलम अंगठी पैजेवर लावतो आणि हरल्यावर ती सापडत नाही म्हणून क्षमाही मागतो! जुनी प्रत हातात घेणारा वाचक आजच्या नेहमीच्या आवृत्त्यांत न सापडणारी कथा वाचत असतो. याहून मोठं कारण पुस्तक जमवायला कशाला हवं?

कागदी वेष्टन असलेल्या पुस्तकात किमतीचा मोठा भाग त्या वेष्टनाचाच असतो. बुक क्लबसाठी, म्हणजे सभासदांना पुस्तकं पुरवणाऱ्या योजनांसाठी, छापलेल्या स्वस्त आवृत्त्या हुबेहूब दिसतात. वेष्टनाच्या घडीवर किंमत नसणं, हलका कागद, मागच्या पुठ्ठ्यावर दाबलेला बारीक ठसा या त्यांच्या खुणा. घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत कापली की लपवली, हा प्रश्न विचाराच.

चित्रपटातल्या प्रत्यक्ष वस्तूंच्या, म्हणजे प्रॉप्सच्या बाबतीत तीन शब्द वेगळे ठेवा: पडद्यावर वापरलेली, चित्रीकरणासाठी बनवलेली, आणि नंतर विक्रीसाठी बनवलेली प्रतिकृती. पहिल्या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पडद्यावरच्या दृश्यात दिसणारा ओरखडा, रंगाचा टवका, डाग हातातल्या वस्तूवर त्याच जागी सापडला, तरच ती वापरलेली मानायची. १९७७ च्या चित्रपटातलं ‘रेड लीडर’ यानाचं छोटं मॉडेल मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या संग्रहात, त्यांच्या निधनानंतर सापडलं आणि २०२३ मध्ये ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं. असं यश दृश्याशी जुळणाऱ्या बारकाव्यांमुळे मिळतं. नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्याची जेवढी पत, तेवढीच त्या प्रमाणपत्राची.

स्वाक्षऱ्यांबद्दल थोडक्यात. यंत्राने केलेल्या सहीत पेनाचा दाब सगळीकडे सारखा असतो, रेघ सुरू होताना आणि संपताना ठिपका पडतो. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत जुळल्या, तर त्या हाताच्या नाहीत. माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. शक्य असेल तर सही समोर घ्या आणि त्या क्षणाचा फोटो वस्तूसोबत ठेवा.

तिसरी पायरी: खरेदी

किंमत ठरवताना विक्रेते मागताहेत ते आकडे बघू नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे बघा. एकच विक्री नको, त्याच अवस्थेतल्या वस्तूच्या अलीकडच्या अनेक विक्री बघा. विक्रेत्याकडून नैसर्गिक उजेडातले फोटो मागा: सर्व बाजू, पायावरची अक्षरं, सांधे, खोक्याचे कोपरे, पुस्तकाचा कणा आणि मुद्रणाचं पान. पाकिटातली फिगर असेल तर पारदर्शक कवच पुठ्ठ्याला जिथे चिकटतं ती कड जवळून मागा. पुन्हा चिकटवलेल्या पाकिटात तिथे डिंकाचे थर किंवा फाटलेला कागद दिसतो. कागदी वस्तूंसाठी अतिनील टॉर्च उपयोगी पडतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कागदात चमक आणणारी रसायनं वापरली जाऊ लागली, ती या उजेडात निळसर पांढरी झळकतात. १९३७ चं म्हणून आलेलं वेष्टन असं झळकलं, तर ते परत करा.

दर्जा ठरवून, सीलबंद डबीत घालून देणाऱ्या संस्था आहेत. कॉमिक्ससाठी २००० साली सुरू झालेली सी.जी.सी. ०.५ ते १० असे गुण देते, खेळण्यांसाठी ए.एफ.ए. आहे. ज्या वस्तूची बनावट भरपूर चालते किंवा जी तुम्ही विकणारच आहात, तिच्यासाठी हा खर्च योग्य. बाकीच्यांसाठी मला तो पटत नाही. डबीत बंद झालेलं कॉमिक पुन्हा वाचता येत नाही.

चौथी पायरी: जपणूक

बहुतेक संग्रह चोरीला जात नाहीत, ते कपाटातच हळूहळू मरतात. शत्रू ओळीने मोजायचे तर प्रकाश, उष्णता, दमटपणा आणि स्वतः प्लॅस्टिक.

प्रकाशाने झालेली हानी साचत जाते, ती परत फिरत नाही. पोस्टर, मुखपृष्ठं, सह्या यांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. घरात तेवढं मोजत बसायची गरज नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळा, कपाटात हॅलोजनऐवजी एल.ई.डी. लावा आणि बघत नसाल तेव्हा तो बंद ठेवा. चौकटीत लावलेलं पोस्टर काचेला चिकटू देऊ नका, मध्ये जाड कागदाची पट्टी हवी. चिकटपट्टी कोणत्याही कागदावर, कधीही लावायची नाही.

दमटपणा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर असावा, चढउतार जास्त घातक. माळा आणि तळघर या दोन्ही जागा त्यामुळेच वाईट. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या वेळोवेळी वाळवा किंवा बदला, ओलसर झालेली पुडी निरुपयोगी असते.

प्लॅस्टिकचं थोडं रसायनशास्त्र माहीत असलेलं बरं. पांढरं ए.बी.एस. प्लॅस्टिक अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते पुन्हा पांढरं करायची पद्धत प्रचलित आहे. मी ती सुचवणार नाही. पिवळेपणा पुष्कळदा परततो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होण्याचा धोका असतो. मऊ पी.व्ही.सी. वेगळ्या पद्धतीने बिघडतं. त्याला लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर झिरपतं आणि फिगर चिकट लागते. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने ती धुवा, पूर्ण वाळवा आणि थोडी हवा खेळेल अशा कपाटात ठेवा. मऊ पी.व्ही.सी. कडक प्लॅस्टिकला टेकून वर्षभर राहू देऊ नका. झिरपलेलं द्रव्य दुसऱ्या पृष्ठभागाला विरघळवून खड्डा पाडतं. त्याच कारणाने पी.व्ही.सी.ची पाकिटं टाळा, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन किंवा पॉलिस्टरची घ्या आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा घाला.

एकास सहा फिगर्सच्या कृत्रिम चामड्याच्या कपड्यांवर उपाय नाही. पॉलियुरेथेनचा थर कधीतरी सोलवटतोच. तो लांबवायचा असेल तर गुडघे-कोपर वाकवून ठेवू नका, सरळ उभी ठेवा, उष्णतेपासून दूर ठेवा. विकत घेतानाच हे माहीत असावं. फोम लॅटेक्सचे मुखवटेही असेच भुरभुरत जातात.

बॅटरी हा सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात. दिवे लागणारी तलवार किंवा आवाज करणारं यान कपाटात ठेवताना बॅटऱ्या काढाच. अल्कलाइन बॅटरी गळली तर पांढरी खरपुडी दिसते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून ती काढा आणि भाग पूर्ण कोरडा करा.

पाचवी पायरी: नोंदवही

प्रत्येक वस्तूसाठी एक नोंद: काय, कोणत्या आवृत्तीचं, कुणाकडून, कधी, किती रकमेला, अवस्था, कोणता भाग मूळ आणि कोणता बदललेला. सोबत फोटो आणि पावती. या नोंदींची एक प्रत घराबाहेर, ऑनलाइन साठवणीत ठेवा. विमा काढायचा असेल तर याशिवाय चालणारच नाही.

उसनं दिलेलंही लिहा. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेसाठी बनलेलं एंटरप्राइझ यानाचं पहिलं, सुमारे तीन फुटी मॉडेल निर्माते जीन रॉडेनबेरी यांच्याकडे होतं. १९७० च्या दशकात ते उसनं गेलं आणि परत आलंच नाही. २०२३ मध्ये ते एका ऑनलाइन विक्रीत अचानक दिसलं. तज्ज्ञांनी ओळख पटवली आणि २०२४ मध्ये ते रॉडेनबेरींच्या मुलाकडे पोहोचलं. त्याच यानाचं अकरा फुटी मॉडेल १९७४ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालयाला दिलं गेलं होतं, ते जतन होऊन आजही पाहायला मिळतं. दोन सख्खी मॉडेल्स, फरक फक्त नोंदींचा.

सहावी पायरी: कथेकडे परत जा

वस्तू जमवताना मूळ कथा वाचणं-पाहणं मागे पडू देऊ नका. एखाद्याला महागाथेची ओळख करून देत असाल तर प्रकाशित झाल्याच्या क्रमाने द्या, कथेतल्या कालक्रमाने नको. नंतर लिहिलेल्या पूर्वकथा वाचकाला आधीचं माहीत आहे असं धरूनच लिहिलेल्या असतात, आणि त्या आधी दाखवल्या तर मोठी रहस्यं फुकट जातात.

चित्रपट डिस्कवर जमवणं हाही महत्त्वाचा संग्रह आहे असं मी आग्रहाने सांगेन, कारण चित्रपट बदलतात. ‘स्टार वॉर्स’च्या मूळ तीन भागांत १९९७ पासून दृश्यं बदलली आणि वाढवली गेली. चित्रपटगृहात दाखवलेली मूळ रूपं २००६ च्या डीव्हीडी संचांत जादा डिस्क म्हणून आली, म्हणून त्या डिस्क आजही शोधल्या जातात. ऑनलाइन सेवेवर कोणतं रूप दिसेल हे तुमच्या हातात नसतं. डिस्क कडेने धरा, उभ्या ठेवा आणि पुसताना मध्यापासून बाहेर सरळ पुसा, गोल नाही.

सीलबंद ठेवायचं की उघडायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे. जुनं, टिकलेलं, सीलबंद असं क्वचित काही हाती आलं तर तसंच ठेवा. ते उघडल्यावर पुन्हा कुणालाच तसं पाहता येणार नाही. आज छापली जाणारी, आज साच्यातून निघणारी वस्तू मात्र उघडा, जोडा, हाताळा.

संग्रह वाढला की जुळ्या वस्तू बाहेर काढाव्या लागतात. देताना अवस्था पूर्ण सांगा: कोणता भाग नक्कल आहे, कुठे रंग भरला, कुठे जोड दिला. बदली हत्याराला तुम्ही स्वतः मुळासारखं मानत नसाल, तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक खूण करा आणि नोंदवहीतली ती ओळ वस्तूसोबत पुढच्या संग्राहकाला द्या.